मथळ्यातला ‘नाही’ तीन टिंबांत गडप

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइलवर मराठी बातम्यांची यादी उघडली की निम्म्या मथळ्यांच्या शेवटी तीन टिंबे दिसतात. आपल्या दैनिकाचे संकेतस्थळही त्याला अपवाद नाही. इंग्रजी मथळा असा तुटला तर बहुधा तपशील जातो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे, त्यामुळे इथे बातमीच उलटी होते.

नमुन्यादाखल एक मथळा घेऊ: ‘धरणक्षेत्रातील पावसामुळे शहरात उद्यापासून पाणीकपात लागू होणार नाही’. फोनची रुंदी ३६० पिक्सेल, दोन्ही कडांना १६ पिक्सेल मोकळी जागा, शेजारी ९६ पिक्सेलचा चौकोनी फोटो आणि मध्ये १२ पिक्सेलचे अंतर. मजकुराला उरले २२० पिक्सेल. १८ पिक्सेलच्या देवनागरीत तेवढ्या जागेत साधारण अठरा अक्षरे बसतात (जोडाक्षर एकच धरले आहे, शब्दांमधली जागाही मोजली आहे). पहिली ओळ ‘शहरात’पाशी संपते, दुसरी ‘होणार’पाशी, आणि तिसऱ्या ओळीवर एकटे ‘नाही’ उरते. मथळा दोन ओळींवर कापायचा नियम असेल तर वाचकाला ‘पाणीकपात लागू होणा…’ एवढेच दिसते आणि तो पिंप भरायला घेतो.

जागा नाही म्हणून कापतो, असे यावर उत्तर मिळते. तेही तपासून पाहू. १८ पिक्सेलचा फॉन्ट आणि १.६ ची लाइन-हाइट (ओळीची उंची, फॉन्टच्या पटीत) धरली तर तीन ओळींची उंची ८६.४ पिक्सेल होते. शेजारचा फोटो ९६ पिक्सेल उंच आहे. म्हणजे तिसऱ्या ओळीसाठी कार्ड एका पिक्सेलनेही वाढवावे लागत नाही. दोन ओळींचा नियम इंग्रजी मजकूर भरून आखलेल्या तयार साच्यातून आलेला असतो आणि तो कोणी बदललेला नसतो, एवढेच त्यामागचे कारण.

तरीही काही ठिकाणी मजकूर कापावाच लागतो: वरची ‘ताज्या बातम्या’ची पट्टी, मेनू, व्हिडिओखालची ओळ. ते काम नीट कसे करायचे हे आपल्या तांत्रिक विभागासाठी जरा सविस्तर लिहितो. (प्रॉपर्टी म्हणजे मजकूर कसा दिसावा हे ब्राउझरला सांगणारा नियम, आणि स्टाइलशीट म्हणजे अशा नियमांची फाइल. प्रॉपर्टींची नावे तिच्यात अर्थातच रोमन लिपीत लिहायची. इथे छपाईच्या सोयीने देवनागरीत देत आहे.)

एका ओळीसाठी तीन नियम एकत्र लागतात: ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’, ‘ओव्हरफ्लो: हिडन’ आणि ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस’. तिसरा एकटा लिहून काहीच होत नाही, कारण तो मजकूर कापत नाही. कापलेल्या जागी टिंबे तेवढी ठेवतो. ही प्रॉपर्टी इंटरनेट एक्सप्लोररच्या ६ व्या आवृत्तीत, २००१ साली आली. फायरफॉक्सने ती सातव्या आवृत्तीत, सप्टेंबर २०११ मध्ये घेतली. त्या दहा वर्षांत लोकांनी जावास्क्रिप्टने मजकूर कापायची सवय लावून घेतली. ती सवय अजून सुटलेली नाही, त्याबद्दल पुढे लिहितोच. आज एका ओळीपुरते सगळे ब्राउझर सारखे वागतात. फायरफॉक्समध्ये टिंबांऐवजी स्वतःचा मजकूर देता येतो, क्रोममध्ये येत नाही. त्यामुळे ‘… पुढे वाचा’ असले प्रयोग या प्रॉपर्टीतून करू नयेत.

तिन्ही नियम लिहूनही टिंबे येत नाहीत, अशी तक्रार नेहमी असते. पहिले कारण म्हणजे नियम ‘स्पॅन’सारख्या इनलाइन (ओळीतच वाहणाऱ्या) टॅगवर लावलेले असतात. इनलाइन टॅगला ओव्हरफ्लो लागू होत नाही. त्याला ‘इनलाइन-ब्लॉक’ करून ‘मॅक्स-विड्थ’ दिली की टिंबे येतात, पण मग मजकूर शेजारच्या शब्दांपेक्षा किंचित वर सरकतो, कारण ओव्हरफ्लो लपवलेल्या इनलाइन-ब्लॉकची बेसलाइन (अक्षरांची आधाररेषा) त्याच्या तळाशी धरली जाते. ‘व्हर्टिकल-अलाइन: बॉटम’ दिले की हा प्रश्न मिटतो.

दुसरे आणि सर्वांत जास्त वेळ खाणारे कारण फ्लेक्स मांडणीत असते. फोटो आणि मथळा शेजारी ठेवायला कार्डाला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलेले असते. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी आपोआप ‘ऑटो’ असते, म्हणजे तो आपल्या आतल्या मजकुरापेक्षा अरुंद व्हायला तयार होत नाही. नोरॅप केलेल्या मथळ्याची किमान रुंदी म्हणजे अख्खा मथळा. मग घटक आकसत नाही, कार्ड स्क्रीनबाहेर जाते आणि सगळे पान आडवे हलू लागते. उपाय एका ओळीचा आहे: मथळा ज्या घटकाच्या आत असेल त्याला ‘मिन-विड्थ: ०’. फ्लेक्सच्या आत फ्लेक्स असेल तर मधल्या प्रत्येक पायरीवर तो द्यावा लागतो, आणि नेमकी एक पायरी राहून जाते. ग्रिड (आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी) असेल तर स्तंभ नुसता ‘१एफआर’ न लिहिता ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहायचा. पान आडवे हलतेय म्हणून ‘बॉडी’वरच ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लावणारेही आहेत. त्याने दुखणे झाकले जाते आणि ‘पोझिशन: स्टिकी’चा मेनू काही मांडण्यांत चिकटायचा थांबतो, हे वर.

मथळ्याच्या टॅगलाच ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिला असेल तर टिंबे येणारच नाहीत. तिथे मजकूर एका निनावी घटकात जाऊन बसतो आणि नियम मात्र बाहेरच्यावर असतात. आत एक वेगळा टॅग घालून त्याला नियम द्यायचे. कोष्टकात ‘टेबल-लेआउट: फिक्स्ड’ आणि कोष्टकाला रुंदी दिल्याशिवाय स्तंभ मजकुराप्रमाणे फुगत राहतो.

एकाहून जास्त ओळींसाठी ‘-वेबकिट-लाइन-क्लॅम्प’ वापरतात. त्याच्यासोबत ‘डिस्प्ले: -वेबकिट-बॉक्स’, ‘-वेबकिट-बॉक्स-ओरिएंट: व्हर्टिकल’ आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ हे तिन्ही लागतात. नावात वेबकिट असले तरी फायरफॉक्सनेही ते ६८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०१९ पासून तसेच स्वीकारले आहे. त्यामुळे नाव जुनाट वाटले तरी बिनधास्त वापरावे. इथे एक जुना सापळा आहे. ऑटोप्रीफिक्सर हे साधन जुने प्रीफिक्स (नावाआधीचे ‘-वेबकिट-’सारखे तुकडे) साफ करताना ‘बॉक्स-ओरिएंट’ची ओळ उडवू शकते. डेव्हलपरच्या मशीनवर मथळा बरोबर दिसतो आणि लाइव्ह पानावर अख्खा परिच्छेद उघडा पडतो, तेव्हा तयार झालेल्या फाइलमध्ये ती ओळ शिल्लक आहे का, हे आधी पाहावे. उडालेली असेल तर ऑटोप्रीफिक्सरला पुढची ओळ सोडायला सांगणारी कॉमेंट तिच्या वर टाकावी.

दुसरा सापळा पॅडिंगचा, म्हणजे मजकूर आणि खोक्याची कड यांमधल्या मोकळ्या जागेचा. ‘ओव्हरफ्लो: हिडन’ मजकूर कापतो तो पॅडिंगच्या बाहेरच्या कडेला. म्हणून क्लॅम्प केलेल्या (ठरावीक ओळींवर कापलेल्या) मथळ्याला खालून १० पिक्सेल पॅडिंग दिले तर त्या पट्टीत पुढच्या, लपायला हव्या असलेल्या ओळीचा वरचा भाग डोकावतो. देवनागरीत हे फारच विद्रूप दिसते: टिंबांच्या खाली नुसत्या वेलांट्या, रफार आणि शिरोरेषेचा तुकडा, अक्षरे गायब. पॅडिंग बाहेरच्या खोक्याला द्यायचे, मथळ्याला नाही. क्लॅम्प न समजणाऱ्या फार जुन्या ब्राउझरांसाठी ‘मॅक्स-हाइट’ ठेवावी, पण ती ओळींच्या पटीत हवी. लाइन-हाइट १.६ असेल तर दोन ओळींना ३.२ ईएम (एक ईएम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढे माप) आणि तीन ओळींना ४.८ ईएम. नजरेच्या अंदाजाने ६० पिक्सेल लिहिले की ओळ मधूनच चिरली जाते, आणि वाचकाने फोनचा फॉन्ट मोठा केला की तेही गणित कोलमडते.

आता खास आपल्या लिपीचा प्रश्न. मजकूर उजवीकडे वाहतो तसा देवनागरीत वर आणि खालीही वाहतो. ‘मूर्तींची’ हा शब्द पाहा. ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघे एकत्र चढले आहेत, ‘मू’खाली दीर्घ उकार आहे. ‘उद्ध्वस्त’मध्ये जोडाक्षराची उतरंड खाली जाते, ‘हृदय’मध्ये ऋकार. इंग्रजी डिझाइनमधून आलेली १.१ किंवा १.२ ची लाइन-हाइट या शब्दांना पुरत नाही. गंमत अशी की ओव्हरफ्लो उघडा असेपर्यंत ते लक्षात येत नाही, कारण ओळीच्या चौकटीबाहेर गेलेली शाई ब्राउझर तशीच रंगवतो. ‘हिडन’ लावले की तीच शाई छाटली जाते: अनुस्वार उडतो, रफाराचे टोक जाते, ‘मू’चा ‘मु’ वाटायला लागतो. टिंबे आणण्यासाठी लावलेला नियम असा शुद्धलेखन बिघडवतो आणि शिव्या मात्र मुद्रितशोधकाला बसतात.

अनेक ओळींच्या मथळ्याला साधा उपाय म्हणजे १.५ ते १.७ लाइन-हाइट. एका ओळीच्या पट्टीत तेवढी जागा नसेल तर वर-खाली ०.२ ईएम पॅडिंग द्यायचे आणि तेवढेच उणे मार्जिन देऊन मांडणी पूर्ववत करायची. छाटणी पॅडिंगच्या कडेला होते म्हणून मात्रा वाचतात. ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन, ओव्हरफ्लो-वाय: व्हिजिबल’ असे लिहून फक्त आडवे कापता येईल असे वाटते, पण ते चालत नाही. एक दिशा हिडन असली की दुसऱ्या दिशेचे ‘व्हिजिबल’ आपोआप ‘ऑटो’ होते, हा नियमच आहे. त्यासाठी ‘ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप’ आहे. क्लिप असले तर उभी दिशा खरोखर उघडी राहते आणि टिंबेही येतात. फायरफॉक्स ८१, क्रोम ९० आणि सफारी १६ पासून ते उपलब्ध आहे. जुन्या फोनसाठी आधी हिडन आणि पॅडिंगचा उपाय लिहावा, मग ‘@सपोर्ट्स’च्या (ब्राउझरला ती सोय येते का हे तपासणाऱ्या नियमाच्या) आत क्लिप. आयफोनवर क्रोमचे चिन्ह दिसले तरी आपल्याकडे आत सफारीचेच वेबकिट चालते, म्हणून आयफोनवरची तपासणी आयफोनवरच करावी.

ब्राउझर सारखे असले तरी अक्षरे सारखी नसतात. फॉन्ट स्वतः पुरवला नाही तर विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स देवनागरी आणि अॅपलवर कोहिनूर देवनागरी उचलला जातो. तिन्हींची रुंदी वेगळी, उंचीचे माप वेगळे. कचेरीतल्या विंडोजवर उपसंपादकाला पूर्ण दिसणारा मथळा वाचकाच्या फोनवर तुटतो तो यामुळेही. ‘लाइन-हाइट: नॉर्मल’ ठेवली तर ओळीची उंची फॉन्टच्या आतल्या आकड्यांवरून ठरते, म्हणून ती नेहमी स्वतः आकड्यात द्यावी. मुक्तासारखा मोफत वेबफॉन्ट पुरवला तर हा फरक बराच मिटतो, मात्र वेबफॉन्ट उतरेपर्यंत सिस्टिमचाच फॉन्ट दिसू शकतो हे लक्षात ठेवावे. मथळा बसवण्यासाठी उणे लेटर-स्पेसिंग देणे हा तर अत्याचार आहे. अक्षरे एकमेकांवर चढतात, आणि अधिक दिले तर शिरोरेषा तुटते.

जावास्क्रिप्टने किंवा सर्व्हरवर ‘पहिली साठ कॅरेक्टर घ्या आणि टिंबे जोडा’ ही पद्धत मराठीत सरळ बंद करावी. ‘मंत्रिमंडळ’ हा डोळ्याला पाच अक्षरांचा शब्द आहे. संगणकाच्या हिशेबात अनुस्वार, हलन्त आणि वेलांटी सुटी धरून ती दहा कॅरेक्टर आहेत. चारवर कापले तर पाय मोडलेला ‘मंत्’ उरतो. पाचवर कापले तर ‘मंत्र’ होतो, म्हणजे वेगळाच शब्द. पीएचपीचे जुने ‘सबस्ट्र’ तर बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कॅरेक्टरला तीन बाइट लागतात, ते मध्येच कापले की शेवटी काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येते. कापणे अटळच असेल (शेअर करायच्या मजकुरात असते) तर शब्दाच्या सीमेवर कापा. अक्षरावर कापायचे असेल तर ब्राउझरमधले ‘इंटल.सेगमेंटर’ हे जावास्क्रिप्टचे साधन वापरा. क्रोममध्ये ते ८७ व्या आवृत्तीपासून आहे, फायरफॉक्समध्ये १२५ व्या, म्हणजे एप्रिल २०२४ पासून. देवनागरी जोडाक्षर हलन्तापाशी तोडू नये हा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या ब्राउझरात हेच साधन जोडाक्षराचे दोन तुकडे करू शकते.

स्टाइलशीटने कापलेल्या मथळ्याचा आणखी एक फायदा आहे. पूर्ण मजकूर पानात शाबूत असतो. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तो पूर्ण वाचतो, सर्च इंजिनलाही तो मिळतो. सर्व्हरने कापलेला ‘नाही’ कोणालाच मिळत नाही. ‘टायटल’मध्ये पूर्ण मथळा ठेवला आहे, ही सबब मोबाइलवर निरुपयोगी, कारण बोटाने माउससारखे नुसते वर थांबता येत नाही.

लांब शब्दांचा त्रासही आपल्याला हिंदीपेक्षा जास्त. तिकडे ‘के लिए’ सुटे लिहितात, आपल्याकडे ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ एका दमात. अरुंद स्तंभात असा शब्द किंवा लांबलचक हॅशटॅग खोक्याबाहेर जातो. ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ लावू नये, त्याने जागा असतानाही शब्द कुठेही मोडतात. ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ लावावे. ते शब्द मावतच नसेल तेव्हाच मोडते, आणि ‘ब्रेक-वर्ड’पेक्षा वेगळे म्हणजे किमान रुंदीच्या हिशेबातही ते धरले जाते, त्यामुळे फ्लेक्समधला घटकही आकसतो. सफारीत ते १५.४ पासून, मार्च २०२२ मध्ये आले. म्हणून आधी ‘ब्रेक-वर्ड’ची ओळ आणि तिच्या खाली ‘एनीव्हेअर’ची. ‘हायफन्स: ऑटो’वर मराठीत विसंबू नये, संयोगचिन्हाचे नियम ब्राउझरागणिक वेगळे आहेत. पण पानाची भाषा सांगणाऱ्या ‘लँग’मध्ये ‘एमआर’ जरूर लिहावे. साच्यासोबत आलेले ‘ईएन’ तसेच राहून जाते. काही फॉन्ट ही खूण पाहूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देतात.

रक्कम, तारीख, वेळ, फोन नंबर आणि उमेदवाराचे नाव यांना टिंबे कधीही लावू नयेत. ‘₹ १,२५,०००’चे ‘₹ १,२५…’ झाले तर वाचकाने काय समजायचे? अशा कोष्टकाला आडवे सरकवता येईल अशी चौकट द्यावी, ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’. मॅक आणि फोनवर तिची सरकपट्टी आपसूक लपते, म्हणून उजवीकडचा स्तंभ मुद्दाम अर्धवट दिसेल अशी रुंदी ठेवावी. पुढे काही आहे हे तेव्हाच कळते. इथे अर्धवट दिसणे कामाचे ठरते, ही एवढीच सवलत.

आपल्याकडे मागणी दोन गोष्टींची आहे. बातम्यांच्या यादीतल्या मथळ्यावरची ओळींची मर्यादा काढून टाका. ती काढणे अगदीच जमत नसेल तर तीनवर न्या, आणि सोबत ‘टेक्स्ट-रॅप: बॅलन्स’ लावा, म्हणजे नव्या ब्राउझरांत एकटा शब्द शेवटच्या ओळीवर पडणार नाही. दुसरे, बातमी भरण्याच्या सीएमएसमध्ये मोबाइलसाठी वेगळ्या छोट्या मथळ्याचा रकाना ठेवा आणि ३२० पिक्सेल रुंदीचे प्रीव्ह्यू तिथेच दिसू द्या. वरचाच मथळा ‘पाणीकपात टळली, धरणक्षेत्रात पाऊस’ असा लिहिला तर पहिल्याच ओळीत बातमी संपते आणि टिंबे आली तरी काही बिघडत नाही. रकाना तपासताना ‘मूर्तींची’, ‘उद्ध्वस्त’, ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हे तीन शब्द आणि शेवटी ‘नाही’ असलेला एक मथळा भरून पाहावा. फोनचा फॉन्ट सर्वांत मोठा करूनही पाहावा. आपले ज्येष्ठ वाचक तो तसाच ठेवतात.

आपला,
एक वाचक (व्यवसायाने वेब डेव्हलपर), पुणे